मागच्या फळीच्या आत

आमच्या भावजींना सगळे कानसेन म्हणतात. भावजी म्हणजे माझे धाकटे दीर. 'तानसेन नसलो तरी कानसेन आहे' असं लोक स्वतःबद्दल उगीच म्हणत असतात. भावजींबद्दल मात्र ते दुसरेच म्हणायचे, आणि भावजी असे काही लाजायचे की जणू नवरदेवच. वय त्रेसष्ट, लग्न केलं नाही. का नाही केलं असं विचारलं तर म्हणतात, "दोन आवाज एका घरात नांदवायचे तर मध्ये क्रॉसओव्हर लागतो, वहिनी. तो मला बॉक्सपुरताच जमतो."

आम्ही स्पीकर बनवतो. आम्ही म्हणजे तिघं. घराच्या खालच्या मजल्यावर दोन खोल्या आहेत. पुढच्या खोलीत लाकूड, ती आमच्या ह्यांची. हे बॉक्स कापतात, गुण्या लावून कोपऱ्यांचा काटकोन तपासतात, जोडतात, घासतात, आणि दिवसभरात मोजून चाळीस शब्द बोलतात. मागच्या खोलीत वायरी, ती भावजींची आणि माझी. मधल्या दाराला कडी नाही. दार ह्यांनीच केलंय आणि कडी लावायची राहिलीय, याला आता एकोणतीस वर्षं झाली. सुताराच्या घरातली दारं अशीच असायची.

मी लग्न होऊन आले त्याच्या पहिल्याच महिन्यात भावजींनी माझ्या हातात एक लाकडी रीळ आणि तांब्याच्या तारेचं भेंडोळं दिलं. म्हणाले, "वहिनी, हात रिकामा असेल तर दोनशे वीस वेढे घाला." त्या दिवसापासून माझा हात रिकामा नाही. वेढे मोजताना कोणी बोललं तर मी खवळते, हे आता गल्लीतल्या सायकलवाल्यालासुद्धा माहीत झालंय. तो दारातून आधी डोकावतो, माझे ओठ हलताहेत का बघतो, आणि मगच आत येतो.

आता थोडं कामाबद्दल सांगते, म्हणजे पुढचं कळेल. घाबरू नका, मलाही आधी काही येत नव्हतं.

बॉक्समध्ये खाली मोठा वूफर असतो, तो जाड आवाज काढतो. वर रेशमी घुमटीचा इंचभर ट्वीटर असतो, तो बारीक आवाज काढतो. ट्वीटरच्या पोटातली तार केसाएवढी. या दोघांच्या मागे तळहाताएवढी फळी, त्यावर माझ्या वेढ्यांच्या कॉइल आणि इतर दोन-चार वस्तू. हा क्रॉसओव्हर. याचं काम वाटणी करायचं. बाजारातून येताना जड पिशव्या मोठ्यांनी घ्यायच्या आणि लहानाच्या हातात कोथिंबिरीची जुडी द्यायची, तसं. जड पिशवी लहानाच्या हातात गेली की हात निखळलाच. शिवाय ट्वीटर मुळात तोंडाळ, म्हणून त्याच्या वाटेत एक रेझिस्टर बसवायचा. रेझिस्टर म्हणजे ट्वीटरच्या तोंडावर ठेवलेला हात. त्याचा आकडा मोठा असला की हात घट्ट, छोटा असला की हात सैल. हात फार घट्ट तर आवाज गुदमरतो, फार सैल तर ट्वीटर किंचाळतो आणि किंचाळता किंचाळता एक दिवस जळतो. एवढं लक्षात ठेवलंत की तुम्हीही आमच्याकडे कामाला येऊ शकता.

तो हात किती घट्ट ठेवायचा हे भावजी मशीनने ठरवत नसत. कानाने ठरवत. या शेवटच्या पायरीला आमच्याकडे 'कानावर घेणं' म्हणतात. पंखा बंद, ह्यांची करवत बंद, मी तार खाली ठेवून गप्प. भावजी एका बुटक्या स्टुलावर बसायचे, डोळे मिटायचे आणि स्वतः केलेलं रेकॉर्डिंग लावायचे. त्यात एक बाई गाते, मग कोणीतरी किल्ल्यांचा जुडगा हलवतं, मग कागद फाडतं. भावजींचा सगळा भरवसा त्या कागदावर. "कागद कागदासारखा फाटला पाहिजे," म्हणायचे. नाही फाटला तर रेझिस्टर काढून दुसरा लावायचे, पुन्हा ऐकायचे. मनासारखं झालं की कानामागची पेन्सिल काढून बॉक्सच्या मागच्या फळीवर, आतल्या बाजूला, तारीख आणि रेझिस्टरचा आकडा लिहायचे. आणि त्यापुढे दर वेळी लिहायचे: 'सर्दी नाही.' कारण सर्दीने कानांना दडे बसतात आणि दडे बसलेल्या कानावर घेतलेला बॉक्स ते विकत नसत. इतका प्रामाणिक माणूस. मग फळी आठ स्क्रूंनी बंद व्हायची आणि ते लिखाण अंधारात जायचं.

त्या स्टुलावर कोणी बसलेलं त्यांना खपत नसे. एकदा मी त्यावर भाजीची पिशवी ठेवली तर दोन दिवस माझ्याशी वाकड्यात बोलत होते.

पुढच्या खोलीच्या एका कोपऱ्यात आमचं दुकान, तिथे शेल्फवर काचेची एक बरणी होती. जळून परत आलेले ट्वीटर त्यात टाकायचे. कित्येक वर्षं बरणीत तीनच ट्वीटर होते. नवीन गिऱ्हाईक आलं की भावजी बरणी खडखड वाजवून दाखवायचे. "वीस वर्षांत तीन. माझा ट्वीटर जळत नाही." हे त्यांचं बोधवाक्य. लोक बॉक्स बघायच्या आधी बरणी बघायचे.

मग दोन वर्षांत ती बरणी भरायला लागली. आधी चार झाले, पाच झाले. मग एका वर्षात नऊ. बरणी गळ्यापर्यंत आली तशी भावजींनी ती गुपचूप शेल्फवरून उचलली आणि पडद्यामागे ठेवली. मी बघितलं. बोलले नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची.

भावजी चिडले ते ट्वीटरच्या घाऊक व्यापाऱ्यावर. फोनवर त्याला असं काही झापलं की मी वेढ्यांची मोजणी विसरले. म्हणाले, "तार कसली वापरता? कोळ्याच्या जाळ्याची?" तो बिचारा म्हणाला, "साहेब, याच पेटीतले ट्वीटर मी दहा जणांना दिलेत. परत फक्त तुमच्याकडून येतात." भावजींनी फोन ठेवला आणि म्हणाले, "दहाही बहिरे दिसतात." मग गिऱ्हाइकांवर घसरले, की हे लोक आवाज फार मोठा ठेवतात. नाचता येईना अंगण वाकडं हे मी ह्यांच्याकडे बघून हळूच म्हटलं, तर हे नेहमीसारखे लाकडाशी बोलत बसले.

खरं सांगू? मला शंका होती. चार-पाच वर्षांपासून आमचे नवे बॉक्स मला टोचायचे. गाणाऱ्या बाईच्या गाण्यात 'स' आला की कानात टाचणी गेल्यासारखं व्हायचं. एकदोन गिऱ्हाइकंही म्हणाली, "आवाज लख्ख आहे, पण तासाभराने डोकं दुखतं." पण मी कोण? मी वायर गुंडाळणारी. कानसेन ते. मी कानाडोळा केला, आणि याचं मला आजही वाईट वाटतं.

आणि तो फ्रिज. आमच्या फ्रिजचं दार उघडं राहिलं की तो टीं टीं करतो, अगदी बारीक आवाजात. एकदा मी वरून जिना उतरून आले तर फ्रिज ओरडतोय, आणि भावजी त्याच्यासमोर उभे राहून शांतपणे द्राक्षं खाताहेत. मी म्हटलं, "भावजी, तो जीव तोडून ओरडतोय." तर म्हणाले, "कोण?" मला वाटलं थट्टा करताहेत. मी हसले. तेही हसले.

अशात ती संगीतशाळा आली. शाळेच्या मुख्य बाई, पांढऱ्या केसांच्या, ताठ कण्याच्या, स्वतः चालत आल्या. सहा खोल्या, बारा बॉक्स हवे होते. त्यांना दुसरं काही नको होतं. एकच प्रश्न विचारला. "मुलं सकाळपासून संध्याकाळपर्यंत वाजवतात. मागच्या वेळचे स्पीकर वर्षभरात गेले. मुलांना वर्षभर फुटका आवाज ऐकवला मी, त्यांचे कान घडायच्या वयात. हे जळणार नाहीत ना?"

भावजी म्हणाले, "माझा ट्वीटर जळत नाही."

पडदा त्यांच्या मागे हातभर अंतरावर होता. मला तिथे उभं राहवेना, म्हणून आत गेले आणि उगीच तार मोजत बसले. बाई गुरुवारी अकरा वाजता नमुन्याची जोडी ऐकायला येणार असं ठरलं. शाळा म्हणजे शंभर घरांत नाव जाणार. आणि तिथे ट्वीटर जळले तर शंभर घरांत तेही जाणार. भावजींकडे दुसरं काही नाहीच हो. ना बायको ना मूल, ना शिक्षणाचा कागद. एक नाव आहे, आणि ते कानावर उभं आहे.

सोमवारी दातांच्या डॉक्टरांनी एक जुना बॉक्स पाठवला. एकोणीस वर्षांपूर्वीचा, आमचाच. वूफरच्या कडेचा फोम सडून गळला होता, बाकी काही तक्रार नाही. भावजी बाहेर गेले होते. नवा फोम चिकटवून झाल्यावर मी तपासायला ते रेकॉर्डिंग लावलं. आणि सहज, अगदी सहज, शेजारी शाळेच्या नमुन्याचा बॉक्स होता त्यालाही वायर जोडली. आधी जुना, मग नवा. पुन्हा जुना, पुन्हा नवा.

जुन्यात कागद फाटत होता. नव्यात पत्रा फाटत होता.

मी जुन्याची मागची फळी उघडली. आत पेन्सिलने लिहिलेलं: तारीख, 'पाच पॉइंट सहा', 'सर्दी नाही.' मग नव्याची उघडली. 'एक पॉइंट पाच. सर्दी नाही.' ट्वीटर तोच, वूफर तोच, बॉक्सचं माप तेच. तोंडावरचा हात मात्र जवळजवळ निघालेला.

भिंतीला टेकून सात बॉक्स पडले होते, ट्वीटर जळून आलेले, दुरुस्तीच्या रांगेतले. मी एकेकाची फळी काढली आणि तारखेप्रमाणे जमिनीवर मांडली. तीन पॉइंट नऊ. तीन पॉइंट तीन. पुन्हा तीन पॉइंट तीन. दोन पॉइंट सात. दोन पॉइंट दोन. एक पॉइंट आठ. एक पॉइंट पाच. सगळ्यांवर सुवाच्य अक्षरात 'सर्दी नाही'. खरंच नव्हती सर्दी. कान जात होते. भावजींना बारीक आवाज कमी ऐकू येत गेला, तसा त्यांनी ट्वीटरच्या तोंडावरचा हात सैल केला, दर वर्षी थोडा थोडा. जगाला मोठ्याने बोलायला लावलं. आणि स्वतःच तारीखवार लिहून ठेवलं.

मी जमिनीवर बसून रडले. उगाच खोटं कशाला सांगू.

मंगळवारी सकाळी भावजी खाली आले तेव्हा फळ्या तशाच होत्या. मी मुद्दाम उचलल्या नव्हत्या. मला तोंडाने सांगायचं धाडस नव्हतं. त्यांनी चष्मा लावला, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वाकून वाचलं. मग सरळ झाले आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "वहिनी, तुम्ही वायर गुंडाळा."

एकतीस वर्षांत माझ्याशी असं कधी बोलले नव्हते. मीही काही गाय नाही. म्हटलं, "गुंडाळते की. दोनशे वीस वेढे मी घालते म्हणून तुमचा वूफर गातो. पण हे बॉक्स गुरुवारी शाळेत जाणार असतील तर मी वर जाऊन बसते, त्यात माझी कॉइल नको." आणि गेले सुद्धा. जिन्यात पाय आपटले, जेवढे आपटता येतील तेवढे.

दिवसभर घरात कोणी कोणाशी बोललं नाही. ह्यांच्यात तर काही फरकच पडला नाही म्हणा.

बुधवारी दुपारी भावजी वर आले. दारात उभे राहिले. म्हणाले, "वहिनी, जरा खाली येता? शिट्टीचं मशीन लावलंय."

शिट्टीचं मशीन म्हणजे एक डबा. त्याचं बटण फिरवलं की एकच सूर बारीक बारीक होत जातो, आणि किती बारीक झाला त्याचा आकडा समोर दिसतो. बिघडलेले स्पीकर शोधायला ते वापरतात. भावजींनी ते नमुन्याच्या बॉक्सला जोडलं होतं. हेही आले, हातात चहाचा कप घेऊन दाराला टेकले.

"ऐकू येतंय तोवर हात वर ठेवायचा," भावजी म्हणाले. "तिघांनी."

तिघांनी हात वर केले. भावजींचा डावा हात वर, उजवा बटणावर. दोन हजार. तीन हजार. चार हजारला ह्यांचा हात खाली आला आणि हे चहा पिऊ लागले. करवतीशेजारी जन्म गेलेला, त्यांना कसलं आश्चर्य. पाच हजार. साडेपाच. शिट्टी माझ्या कानात गिरमिटासारखी घुसत होती.

सहा हजारच्या जरा अलीकडे भावजींनी हात खाली घेतला. बटणाकडे बघितलं. मग बॉक्सच्या मागची वायर हलवली. "मशीन बंद पडलं वाटतं," म्हणाले, आणि मशीनवर दोन थापा मारल्या.

शिट्टी चालूच होती. अगदी स्पष्ट, खोलीभर.

माझा हात वर होता. तो खाली घ्यायचा मोह मला झाला, हे मी लपवणार नाही. खाली घेतला असता तर आम्ही तिघांनी मिळून म्हटलं असतं की मशीन बिघडलं. हसून चहा प्यायलो असतो, आणि भावजी कानसेनच राहिले असते, निदान शाळेतला पहिला ट्वीटर जळेपर्यंत. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच असावं.  पण मला ते बाईंचे शब्द आठवले, कान घडायच्या वयातल्या मुलांचे. मी हात तसाच ठेवला.

भावजींनी वळून माझ्या हाताकडे बघितलं. थाप मारायला उचललेला त्यांचा हात तसाच राहिला.

मग त्यांनी बटण पुढे फिरवलं. सात. आठ. नऊ. दर हजाराला माझ्या हाताकडे बघायचे. दहा. अकरा. अकराच्या पुढे जरासं गेलं आणि मला फक्त पंख्याचा आवाज उरला. मी हात खाली घेतला.

"अकरा हजार दोनशे," भावजी म्हणाले. "माझे पावणेसहा." ते त्यांच्या स्टुलावर बसले आणि दोन्ही तळवे कानांवर ठेवले, सर्दी झाल्यावर ठेवतात तसे. "मी खोटं लिहिलं वहिनी. एवढी वर्षं."

"खोटं कुठे? सर्दी नव्हतीच तुम्हाला," मी म्हटलं.

तेव्हा हे बोलले. कप खाली ठेवून बोलले, म्हणजे मोठंच भाषण. "धाकट्या, माझा डोळा पक्का आहे. फळी नुसती बघून सांगतो सरळ की वाकडी. तरी प्रत्येक कोपऱ्याला गुण्या लावतो. गुण्या लावला म्हणून कोणी मला आंधळा म्हणत नाही." आणि माझ्याकडे हनुवटी उडवून म्हणाले, "तुझा गुण्या घरातच आहे. वापर की." मग पुन्हा कप उचलला. दिवसाच्या चाळिसातले तीस शब्द संपले होते.

भावजींनी कानांवरचे हात काढले. नंतर उठले, स्टूल माझ्याकडे सरकवलं आणि पंखा बंद केला.

मी म्हटलं, "मी नाही हं त्यावर बसणार."

"पंखा बंद केलाय. उकडतंय. लवकर बसा."

बसले. इतकं अवघड स्टूल मी आयुष्यात बघितलं नाही, एक पाय आखूड. म्हणजे एवढी वर्षं हा माणूस डुगडुगत बसून ऐकत होता, आणि सख्खा भाऊ सुतार.

"सर्दी?" भावजींनी विचारलं, डॉक्टरसारखं.

"नाही."

रेकॉर्डिंग लावलं. बाई गायली, किल्ल्या हलल्या, कागद फाटला. "पत्रा," मी म्हटलं. भावजींनी सोल्डरिंगची सळई उचलली, रेझिस्टर बदलला. पुन्हा. "पत्राच, पण पातळ." पुन्हा बदलला. मला भीती होती की ते मध्येच चिडतील, पण त्यांचे हात शांत होते. ते माझ्या तोंडाकडे बघत होते आणि मी डोळे मिटले की तेही मिटायचे. "आता पुठ्ठा." पुन्हा. "जवळ आलं. किल्ल्या अजून टोचतात." पुन्हा. त्यांनी कोणता आकडा लावला हे ते मला सांगत नव्हते, आणि मीही विचारलं नाही.

मग एकदा किल्ल्या हलल्या आणि मला आमच्या कपाटाच्या किल्ल्या आठवल्या. कागद फाटला आणि तो कागद होता. वहीचा, रेघांचा.

"पुरे," मी म्हटलं. "हाच."

भावजी वाकले, रेझिस्टरवरचा आकडा वाचला.  उठून दातांच्या डॉक्टरांच्या बॉक्सकडे गेले, त्याची फळी उचलली आणि माझ्यासमोर धरली. पाच पॉइंट सहा. नमुन्याच्या बॉक्समध्येही पाच पॉइंट सहाच.

"म्हणजे तेव्हा मी बरोबर होतो," ते म्हणाले. आणि हसले, आणि डोळे पुसले, दोन्ही एकदम. "वहिनी, तेव्हा मी अगदी बरोबर होतो."

गुरुवारी अकराला बाई आल्या. मी ठरवलं होतं की मागच्या खोलीतच थांबायचं, घरातली गोष्ट घरात. आवाज आता बरोबर होता, तो कोणी बसवला हे बाईंना कशाला कळायला हवं? पण भावजींनी मला हाक मारली. बाई खुर्चीवर बसल्या होत्या. भावजी पडद्यामागे गेले आणि ती बरणी दोन्ही हातांनी उचलून टेबलावर ठेवली. आता ती खडखडतही नव्हती, इतकी गच्च होती.

"त्या दिवशी तुम्हाला म्हणालो माझा ट्वीटर जळत नाही," ते म्हणाले. "हे बघा, जळतात. चूक ट्वीटरची नव्हती, माझ्या कानांची होती. मला आता वरचे बारीक आवाज ऐकू येत नाहीत. म्हणून मी ते जास्त वाढवून ठेवत होतो आणि त्यात ट्वीटर भाजून निघत होते. ही जोडी माझ्या वहिनींनी ऐकून बसवली आहे. तुम्हाला दुसरीकडे जायचं असेल तर मी समजू शकतो."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे दारात होते, हातात गुण्या.  कानसेन नावाच्या माणसाने स्वतःच्या तोंडाने, दिवसाढवळ्या, गिऱ्हाइकासमोर सांगितलं होतं.

बाईंनी बरणी उचलून बघितली. म्हणाल्या, "वाजवा."

भावजींनी वाजवलं. बाईंनी डोळे मिटले. गाणं झालं, किल्ल्या झाल्या, कागद झाला. मग त्यांनी पिशवीतून त्यांच्या एका विद्यार्थिनीचं रेकॉर्डिंग काढून दिलं, तेही ऐकलं. मग खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या, "दुसऱ्या ओळीत ती श्वास घेते. ऐकलात?"

"ऐकला," मी म्हटलं. "तोंडाने घेते. नाकाने घ्यायला हवा."

बाई भावजींकडे वळल्या. "बारा बॉक्स. आणि ही बरणी पुढेच ठेवा, पडद्यामागे नको."

त्यानंतरचा महिनाभर आम्ही दोघं घरोघरी हिंडलो. भावजींनी मागची पाच-सहा वर्षं विकलेले सगळे बॉक्स आठवून आठवून शोधले. पिशवीत सोल्डरिंगची सळई, रेझिस्टर, स्क्रूड्रायव्हर. दार उघडलं की भावजी म्हणायचे, "तुमच्या स्पीकरमध्ये माझी एक चूक राहिली आहे, ती काढायला आलोय." लोक आधी घाबरायचे, मग पाणी द्यायचे. मी कोणाच्याही सोफ्यावर बसून डोळे मिटायची, ते रेझिस्टर बदलायचे. एका घरातल्या आजोबांनी विचारलं, "कानसेन कोण तुमच्यातले?" भावजी म्हणाले, "मी माजी." फ्रिजचं दार उघडं राहिलं की आता मी वरूनच ओरडते, आणि ते खालून म्हणतात, "थँक्यू, गुण्या."

शाळेचे बारा बॉक्स झाले तेव्हा प्रत्येक बॉक्स कानावर घेतला, स्टुलावर मी. त्याचा आखूड पाय ह्यांनी एका संध्याकाळी न सांगता दुरुस्त केला होता. शेवटच्या बॉक्सची मागची फळी बंद करायच्या आधी मी डोकावले. भावजींनी लिहिलं होतं: तारीख. पाच पॉइंट सहा. सर्दी नाही. आणि खाली नवी ओळ: 'ऐकलं वहिनींनी.' मी घाईघाईने बाकीच्या अकरांच्या फळ्या आठवल्या. त्या आधीच बंद झाल्या होत्या.

"सगळ्यांवर लिहिलंत?" मी विचारलं.

"सगळ्यांवर," ते म्हणाले, आणि आठवा स्क्रू आवळला.

याला तीन वर्षं झाली. ती फळी कोणी उघडली तरच माझं नाव कोणाला दिसणार, आणि फळी उघडायची ती ट्वीटर जळाल्यावर. बारातला एकही बॉक्स अजून परत आलेला नाही.